पाच टक्के जंगल जाळा: एका आकड्याची गोष्ट

प्रपोजल लिहिताना एक प्रश्न कधी ना कधी समोर येतोच: "तुमचं काम जमलं की नाही, हे कशावरून ठरवणार?" आपण बहुतेक जण तिथे जे पटकन मोजता येईल ते लिहून मोकळे होतो. किती सॅम्पल घेतले, किती हेक्टर मॅप केले, अचूकता किती टक्के आली. आज ज्या विषयावर लिहितेय त्यात ऑस्ट्रेलियातल्या एका अख्ख्या राज्याने नेमकं हेच केलं. आकडा होता पाच टक्के. सोपा, गोल, पेपरात छापायला सोयीचा. त्यातून बाहेर पडायला त्यांना साधारण सहा वर्षं लागली.

माझा स्वतःचा विषय सॅटेलाइट डेटावरून जळालेलं क्षेत्र ओळखण्याचा आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियातले वणव्यांवरचे पेपर वाचल्याशिवाय माझं पान हलत नाही. ही गोष्ट त्याच वाचनातली. वणव्यांवर काम करायचं नसलं तरी वाचा, कारण मुद्दा मोजमापाचा आहे.

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. व्हिक्टोरिया राज्य. मेलबर्नमध्ये त्या दिवशी पारा ४६.४ अंशांवर गेला होता, वारा उत्तरेकडून सोसाट्याचा, आणि त्याआधी कित्येक आठवडे पाऊस नाही. दिवसभरात राज्यात अनेक ठिकाणी वणवे पेटले. किलमोर ईस्टचा वणवा विजेची तार तुटून लागला आणि एकट्या त्या वणव्याने ११९ जीव घेतले. संध्याकाळी वारा फिरला, नैऋत्येकडून वाहू लागला, आणि वणव्याची लांबच लांब बाजू हीच त्याची नवी आघाडी झाली. एकूण १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं गेली. या दिवसाला तिकडे ब्लॅक सॅटर्डे म्हणतात. किंगलेक आणि मेरिसव्हिल ही जी गावं उद्ध्वस्त झाली, ती जंगलाला खेटून, काही ठिकाणी तर जंगलातच वसलेली होती.

सरकारने रॉयल कमिशन नेमलं. २०१० च्या जुलैमध्ये त्याचा अंतिम अहवाल आला, त्यात ६७ शिफारशी. आपल्या कामाची आहे ती ५६ वी: राज्याने दरवर्षी सार्वजनिक जमिनीच्या किमान पाच टक्के भागात ठरवून, नियंत्रित आग लावावी. व्हिक्टोरियात सार्वजनिक जमीन आहे सुमारे ७७ लाख हेक्टर. राष्ट्रीय उद्यानं, राखीव जंगलं, सगळं धरून. त्याचे पाच टक्के म्हणजे ३ लाख ८५ हजार हेक्टर. आधीचं उद्दिष्ट १ लाख ३० हजार हेक्टरचं होतं, म्हणजे एका फटक्यात तिप्पट.

जंगल मुद्दाम का जाळायचं?

कोकणात ज्यांनी राब भाजताना पाहिलाय त्यांना "ठरवून लावलेली आग" ही कल्पना परकी वाटणार नाही. इथे उद्देश मात्र वेगळा आहे. युकॅलिप्टसच्या जंगलात पाला, काटक्या आणि सालीच्या लांब पट्ट्या सतत गळत राहतात आणि कोरड्या हवेत त्या लवकर कुजत नाहीत. वणव्याच्या भाषेत हे सगळं इंधन. हवा आणि उतार आपल्या हातात नाहीत, इंधन तेवढं आहे. म्हणून थंड, कमी वाऱ्याच्या दिवशी, बहुधा शरदात (तिकडचे मार्च ते मे), छोट्या आगीने ते आधीच संपवायचं. मी याला पुढे "नियोजित जाळ" म्हणणार आहे.

यामागचं गणित एका ओळीचं आहे. बायरम या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र: आगीची तीव्रता = इंधनाची उष्णता × इंधनाचं प्रमाण × आग पुढे सरकण्याचा वेग. उत्तर येतं आघाडीच्या दर मीटरला किती किलोवॅट या एककात. करून बघू. उष्णता साधारण १८,६०० किलोज्यूल प्रति किलो. इंधन हेक्टरी २० टन, म्हणजे दर चौरस मीटरला २ किलो. वेग सेकंदाला १ मीटर धरा, म्हणजे तासाला ३.६ किलोमीटर. गुणाकार ३७,२०० किलोवॅट प्रति मीटर. आता तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा: साधारण ४,००० च्या वर गेलेली आग समोरून विझवता येत नाही, माणसं असोत की बंब.

समजा नियोजित जाळाने इंधन हेक्टरी ८ टनांवर आणलं. ॲलन मॅकआर्थर यांच्या जुन्या नियमानुसार इंधन जितक्या पटीत कमी, तितक्याच पटीत वेगही कमी. म्हणजे वेग ०.४. आता गुणाकार येतो ५,९५२. अजूनही ४,००० च्या वरच, पण ३७ हजारांच्या तुलनेत हे वेगळंच प्रकरण आहे. इंधन अडीच पटीने घटलं आणि तीव्रता सव्वासहा पटीने घटली. हा वर्ग पडतो म्हणून नियोजित जाळाचे समर्थक इतक्या ठामपणे बोलतात.

पण थांबा. इंधनाचं वजन आणि वेग यांचं हे सरळ नातं पुढे टिकलं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जारा जंगलांत मुद्दाम आगी लावून प्रोजेक्ट व्हेस्टा नावाचे मोठे प्रयोग झाले, २००७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातून दिसलं की वेग ठरवण्यात वजनापेक्षा रचनेला महत्त्व आहे: जमिनीलगतचा थर किती दाट, झुडपं किती उंच, सालीच्या पट्ट्या लोंबताहेत का. त्याहून मोठी अडचण हवेची. ब्लॅक सॅटर्डेसारख्या दिवशी तीव्रता ८० हजारांच्या वर गेल्याचे अंदाज आहेत, आणि जळती साल वाऱ्यावर उडून ३० किलोमीटरच्या पुढे जाऊन नव्या आगी लागल्या. तुम्ही मधला दोन किलोमीटरचा पट्टा कितीही स्वच्छ करा, ठिणगी त्याच्यावरून जाते.

आकडा उद्दिष्ट झाला की

आता स्वतःला जिल्ह्याच्या वनाधिकाऱ्याच्या जागी ठेवून बघा. वर्षअखेरीला तुम्हाला हेक्टर दाखवायचे आहेत. हवा, ओलावा, वारा सगळं जुळून आलेले दिवस वर्षातून मोजकेच. तुमच्याकडे दोन पर्याय आहेत. एक, गावाच्या मागचा २० हेक्टरचा तुकडा: चढ, कुंपणं, विजेच्या तारा, धुराच्या तक्रारी, शेजारी द्राक्षबागा (धुराने वाइनची चव बिघडते, हे तिकडे मोठं दुखणं आहे), आणि आग निसटली तर थेट कुणाच्या तरी अंगणात. दोन, माणसांपासून दूर सपाट प्रदेशातला हजारो हेक्टरचा सलग पट्टा. पथक तेच, दिवस तोच. तुम्ही काय निवडाल?

व्हिक्टोरियाच्या वायव्येला मॅली नावाचा प्रदेश आहे. खुरटे, अनेक खोडांचे युकॅलिप्टस, खाली काटेरी गवताचे गोल झुबके. वस्ती अगदी विरळ. हेक्टर भरायला ही जागा उत्तम, आणि तिथे जाळही झाले. पण तिथल्या आगीने किंगलेकसारख्या डोंगराळ गावांचा धोका कमी होत नाही; ती गावं शेकडो किलोमीटर दूर आहेत. उलट मॅलीतल्या झाडांना ढोल्या पडायला अनेक दशकं लागतात, आणि मॅली एम्यू-रेन नावाचा इवलासा पक्षी त्या जुन्या झुबक्यांवरच अवलंबून आहे. पर्यावरण अभ्यासकांची तक्रार हीच होती: निसर्गाची किंमत मोजतोय, आणि बदल्यात माणसांची सुरक्षितताही मिळत नाही.

गंमत म्हणजे काही जंगलांत हा उपाय चालतच नाही. मेलबर्नच्या ईशान्येला आणि पूर्वेला डोंगरांत माउंटन ॲश नावाचे प्रचंड उंच युकॅलिप्टस आहेत. ते जंगल एरवी इतकं ओलं की पेटत नाही, आणि पेटण्याइतकं सुकलं की आवरत नाही. शिवाय बाकीच्या बऱ्याच युकॅलिप्टसना आगीनंतर खोडावर नवी पालवी फुटते. हे झाड मोठ्या आगीत मरतं आणि पुन्हा बियांपासूनच उगवतं. म्हणजे "सार्वजनिक जमिनीचे पाच टक्के" या वाक्यातली जमीन एकसारखी नव्हतीच.

न्याय म्हणून सांगायला हवं की रॉयल कमिशनच्या ५७ आणि ५८ व्या शिफारशी जाळाचे परिणाम आणि जैवविविधता यांच्यावर लक्ष ठेवून माहिती जाहीर करायलाच सांगतात. पण खालपर्यंत पोचताना आकडा ठळक राहिला आणि बाकीचं मागे पडलं. तो आकडाही कोणत्याच वर्षी गाठता आला नाही. सगळ्यात चांगल्या वर्षी मजल अडीच लाख हेक्टरांच्या आसपास गेली.

घरं कुठे जळतात?

इथे संशोधन कामाला आलं. गिबन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्लॅक सॅटर्डेच्या भागातल्या सुमारे ५०० घरांचा अभ्यास छापला. जळालेली आणि वाचलेली अशी दोन्ही घरं घेतली. (हे "दोन्ही" महत्त्वाचं आहे. फक्त जळालेली घरं बघून कारण शोधणारे अभ्यास आजही दिसतात.) मग प्रत्येक घरासाठी मोजलं: ४० मीटरच्या आत किती झाडं-झुडपं, वारा येतो त्या बाजूला शेवटचा नियोजित जाळ किती दूर, त्या वेळी हवा कशी होती. निष्कर्ष असा की सगळेच उपाय घराजवळ केले तर जास्त उपयोगी पडतात, आणि दूरच्या विस्तीर्ण जाळापेक्षा घराभोवतीची निगा जास्त कामाची.

दुसऱ्या बाजूने ब्लँकी आणि सहकाऱ्यांचं काम बघा. १९०१ ते २०११ या काळातल्या २६० वणव्यांतले ८२५ मृत्यू त्यांनी तपासले. जिथे जागा नेमकी कळली त्यांपैकी ७८ टक्के मृत्यू जंगलाच्या कडेपासून ३० मीटरच्या आत झालेले. तीस मीटर! आपल्या डिपार्टमेंटचा कॉरिडॉर याहून लांब असेल.

आता "लिव्हरेज" ही संकल्पना. एक हेक्टर वणवा कमी व्हावा म्हणून किती हेक्टर मुद्दाम जाळावे लागतात? सिडनीच्या परिसरासाठी प्राइस आणि ब्रॅडस्टॉक यांचं उत्तर आलं साधारण तीन. म्हणजे एकूण जळालेलं क्षेत्र तुम्ही जाळ करून वाढवताच. वाचल्यावर मला आधी वाटलं, झालं, संपला विषय. पण लिव्हरेजही हेक्टरच मोजतं. शाळेच्या मागचा तीन हेक्टरचा जाळ आणि दरीतला तीन हेक्टरचा जाळ त्याच्या लेखी सारखाच. पाच टक्क्यांवर टीका करताना त्याच जातीचा आकडा वापरायचा, हा मोह पेपर वाचताना ओळखता आला पाहिजे.

मग काय मोजायचं?

२०१५ च्या शेवटी व्हिक्टोरिया सरकारने धोरण बदललं आणि २०१६ पासून हेक्टरांऐवजी "उरलेला धोका" मोजायला सुरुवात केली. कल्पना अशी. मेलबर्न विद्यापीठातल्या केव्हिन टॉलहर्स्ट आणि डेरेक चाँग यांनी बनवलेलं फिनिक्स हे मॉडेल घ्यायचं. कॉम्प्युटरवर राज्यभर हजारो ठिकाणी, अतिशय वाईट हवेच्या दिवशी, आग लावायची. ती कुठे जाते, ज्वाळा आणि ठिणग्या किती घरांपर्यंत पोचतात, ते मोजायचं. हे दोनदा करायचं: एकदा जंगलात कधी आग लागलीच नाही, इंधन पूर्ण साठलंय असं धरून, एकदा आजचं खरं इंधन धरून. माझ्या मनचं उदाहरण देते: पहिल्या वेळी १,००० घरं गेली, दुसऱ्या वेळी ७००. तर उरलेला धोका ७० टक्के. राज्याने उद्दिष्ट ठेवलं तेही हेच, ७० टक्के किंवा कमी.

यात बदल काय झाला बघा. आता वायव्येतल्या ओसाड पट्ट्यात हजारो हेक्टर जाळले तरी आकडा फारसा हलत नाही, आणि गावाच्या वाऱ्याकडच्या बाजूचा छोटा तुकडा जाळला तर हलतो. उद्यानांचे आणि राखीव जंगलांचे विभाग आधीपासून होते: वस्तीला लागून अगदी कमी इंधन ठेवायचा संरक्षण पट्टा, त्यामागे आगीचा जोर कमी करायचा पट्टा, मग निसर्गाच्या गरजेप्रमाणे सांभाळायचा मोठा भाग, आणि जिथे जाळायचंच नाही असा भाग. नव्या मोजमापाने पहिल्या दोन पट्ट्यांना वजन आलं. या पट्ट्यांत सगळं काम आगीनेच होतं असंही नाही. गवत कापणं, झुडपं यंत्राने तोडणं, आपल्याकडच्या जाळरेषांसारखे पट्टे मोकळे ठेवणं हेही असतं.

कुंपणापलीकडचं काम मालकाचं. व्हिक्टोरियात ठरलेल्या भागांत १०/३० चा नियम आहे: जुन्या घरापासून १० मीटरपर्यंत कुठलंही झाड-झुडूप, आणि ३० मीटरपर्यंत झाडं सोडून बाकी वाढ, वेगळी परवानगी न काढता तोडता येते. नव्या घरांना जंगलाचा प्रकार, अंतर आणि उतार बघून श्रेणी मिळते. त्यातली २९ ही श्रेणी म्हणजे भिंतीवर दर चौरस मीटरला २९ किलोवॅटपर्यंत उष्णता पडेल असं धरून बांधकाम. घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी नाही, पन्हाळीतल्या पाचोळ्यावर किंवा फटीत पडलेल्या ठिणगीने पेटतात, म्हणून जाळ्या आणि फटी बुजवणं यावर एवढा भर.

पण कडेजवळ काम करायचं म्हणजे चूक महाग. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या उत्तरेला लान्सफील्डजवळ नियोजित जाळ निसटला; सुमारे ३,००० हेक्टर आणि चार घरं जळाली. दूर ओसाडीत हा जाळ निसटला असता तर कदाचित बातमीही झाली नसती. हेक्टरांच्या उद्दिष्टाने अधिकाऱ्यांना दूर का ढकललं, हे इथे कळतं.

नवा आकडाही निर्दोष नाही. तो मॉडेलमधल्या घरांपुरता बोलतो. धूर त्यात नाही. २०१९-२० च्या वणव्यांत आगीत थेट ३३ जण गेले, तर पूर्व ऑस्ट्रेलियात धुरामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा एका अभ्यासाचा अंदाज ४१७ होता. नियोजित जाळानेही धूर होतोच. दुसरं, राज्याची सरासरी ७० आली म्हणून तुमचं गाव ७० वर आहे असं नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते: मोठा वणवा येऊन गेला की इंधन संपतं, त्यामुळे उरलेला धोका खाली येतो. २०१९-२० च्या वणव्यांनंतर नेमकं असं झालं. पूर्व गिप्सलँडमधली गावं जळाली आणि आकडा सुधारला. म्हणून आकडा का उतरला, जाळाने की वणव्याने, हे वेगळं विचारावंच लागतं.

आणि मुळात जाळ करावा का, हा वादही मिटलेला नाही. फिलिप झिल्स्ट्रा आणि सहकारी म्हणतात की काही जंगलांत आगीनंतर झुडपं उलट जोमाने वाढतात, काही दशकं धोका वाढतो, आणि जंगल जुनं होऊ दिलं तर खालची वाढ आपोआप विरळ होते. अग्निव्यवस्थापनातले इतर शास्त्रज्ञ याला जोरदार विरोध करतात. मला वाटतं दोघांचं काही अंशी खरं असेल, पण वेगवेगळ्या जंगलांसाठी. नियोजित जाळ करून साधारण पाचेक वर्षं त्याचा स्पष्ट उपयोग असतो, एवढ्यावर बऱ्याच अभ्यासांचं जमतं. अत्यंत वाईट हवेत हा उपयोगही घटतो.

"मॅम, हे सह्याद्रीत करून बघितलं तर?" असं मला दोन ज्युनिअर्सनी विचारलंय. सरळ उचलून नको. आपली पानगळीची जंगलं आणि गवताळ कडे युकॅलिप्टसच्या जंगलासारखे नाहीत, पावसाळा आपली ओल परत आणतो, आणि इथले बहुतेक वणवे माणसांनीच लावलेले असतात. आगीची कारणं वेगळी तर उपायही वेगळा. उसना घ्यायचाच तर प्रश्न घ्या: वनविभाग किती किलोमीटर जाळरेषा काढतो यापेक्षा त्या जाळरेषांनी किती आगी अडल्या, हे कुणी मोजलंय का? सॅटेलाइटचे आगीचे अलर्ट फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाकडून मिळतात. जाळरेषांचा नकाशा मिळवणं जास्त कष्टाचं असतं, पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला एका रेंजचा पुरतो.

वर सांगितलेले पेपर वाचायचे असतील तर गिबन्सपासून सुरुवात करा, तो सगळ्यांना मोफत मिळतो. निकालाआधी त्यांची मेथड वाचा आणि एकच गोष्ट शोधा: प्रत्येक घराजवळ आग पोचली त्या वेळची हवा त्यांनी कशी धरली. दुपारी चारला ४६ अंशांत आग झेललेलं घर आणि रात्री वारा पडल्यावर आग झेललेलं घर यांची तुलना केली, तर मागच्या जाळाचं श्रेय हवेला जाईल, किंवा उलट. हा गुंता ते कसा सोडवतात हे समजलं की बाकीचे पेपर निम्म्या वेळात वाचून होतात.